देवकाबाईचा पालेभाजीचा तास

देवकाबाईला शिकवता येतं हे तिला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्यानं सांगितलं म्हणून. तोवर ती पिंपळबोडीची माळीण होती. आठवड्यातून एकदा डोक्यावर टोपली घेऊन अल्लीपूरच्या बाजारात जायची, आणि भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला असं काही बोलायची की तो मुकाट्यानं पुढच्या टोपलीकडे वळायचा. नवरा डोमाजी दहा वर्षांपूर्वी गेला होता. मूलबाळ नव्हतं. जीभ तेवढी होती, आणि ती तिनं कधी गंजू दिली नाही.

शाळेशी तिची गाठ पडली ती मेथीमुळे. पिंपळबोडीची शाळा त्रेपन्न साली बुनियादी झाली. म्हणजे वाचन, लेखन, गणित होतंच, वर सूतकताई आणि बागकाम आलं. नरहर गुरुजी वर्ध्याचे, कारकुनाचे चिरंजीव. सूत त्यांना कातता यायचं. बागकामाचं मात्र त्यांच्याकडे फक्त पुस्तक होतं. पुस्तकात बघून त्यांनी शाळेमागच्या विहिरीजवळ मेथी पेरली ती चांगली वीतभर खोल, आणि रोज सकाळी मुलांना रांगेत उभं करून ‘उगवली का’ ते बघायला नेऊ लागले. बारा दिवस रांग लागली. तेराव्या दिवशी कुंपणापलीकडून देवकाबाई म्हणाली, “गुरुजी, मेथी पेरली का पुरली?”

मुलं खो खो हसली. दुसरा कुणी मास्तर असता तर चिडला असता. नरहर गुरुजी कुंपणापाशी गेले, हात जोडले आणि म्हणाले, “बाई, मला येत नाही. तुम्ही शिकवाल का मुलांना?”

देवकाबाईला आयुष्यात कुणी हात जोडले नव्हते. ती इतकी गडबडली की हो म्हणून बसली.

मग तिनं जे सुरू केलं त्याला तास म्हणावं की धिंगाणा, हे गावाला बरेच दिवस ठरवता आलं नाही. पहिली गोष्ट, तिनं हजेरी बदलली. तिला अक्षर येत नव्हतं, हजेरीपट काय कपाळ वाचणार? तिनं फर्मान काढलं की येताना प्रत्येकानं एक टोपली पालापाचोळा नाहीतर शेण आणायचं. खड्ड्यात टोपली पडली की पोट्टा हजर, रिकाम्या हातानं आला की गैरहजर, मग तो डोळ्यांपुढे उभा का असेना. महिन्याभरात खड्डा भरला. मग ती एकेकाला खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालायला लावायची. “गरम लागते का? लागते ना? शिजून राह्यलं ते. चूल नाई, काडी नाई, अन् शिजून राह्यलं. आता सांगा, कोण शिजवते?” मुलं तोंडं उघडी टाकून बघत. गांडूळ सापडलं तर त्याला ती ‘आपला गडी’ म्हणायची आणि जपून परत मातीत सोडायला लावायची.

दुसरी गोष्ट, वाफा ज्याच्या नावाचा त्यानंच तो राखायचा आणि आलेली भाजी त्यानंच आधी खायची. दुपारी शाळेच्या ओसरीत तीन दगडांची चूल पेटायची, जवसाच्या तेलाची फोडणी पडायची आणि मुलं घरून आणलेल्या भाकरीवर ती भाजी घ्यायची. हे काही लहानसहान नव्हतं. पिंपळबोडीच्या चारी बाजूंना पऱ्हाटी, पऱ्हाटी आणि पऱ्हाटी. कापसाच्या एका ओळीची जागा अडवून मेथी लावेल असा वेडा शेतकरी गावात नव्हता. भाजी घरात यायची ती बाजाराच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी संपायची. बाकीचे पाच दिवस भाकर, वरण, मिरचीचा ठेचा. मुलांच्या ओठांचे कोपरे फाटलेले असायचे आणि आया म्हणायच्या, उष्णता झाली.

एवढं सगळं चांगलं चाललं असताना गावात त्याच्याविरुद्ध कुणी उठलं नसतं तर ते गाव कसलं? शाळा समितीचे प्रमुख होते पुंडलिकराव पाटील. माळकरी माणूस, शब्दाचा पक्का, आणि डोक्यात एकदा खुंटी ठोकली की ती उपटायला बैलजोडी लागावी असा. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर गावातल्या निम्म्या बापांचं तेच होतं.

“गुरुजी, आमच्या पोट्ट्याईले मातीच उकरायची असती त आमी शाळंत कायले धाडलं असतं? माती आमच्या वावरात काय कमी हाये? त्याईले कागद वाचता आला पायजे, कचेरीत बसता आलं पायजे. अन् ही माळीणबाई शेण गोळा कराले शिकवून राह्यली.”

पंचावन्नच्या कार्तिकात त्यांनी जाहीर केलं की संक्रांतीच्या बैठकीत बागेचा तास बंद करायचा ठराव येईल. बागेची जागा सपाट करून तिथं वर्गाची नवी खोली. गुरुजी बोलायला गेले, पण त्यांचा आवाज मुळातच बारीक. देवकाबाईनं ऐकलं आणि दोन दिवस ती येईल त्याच्यावर खेकसत राहिली. दोन वर्षांत त्या वाफ्यांनी तिला चाळीस लेकरं दिली होती. आता ती काढून घेणार म्हणतात!

आणि अशा वेळी, आधीच तापलेल्या डोक्यानं, तिच्या हातून ती चूक झाली.

संध्याकाळी मोठी मुलं वाफ्यांना पाणी घालायची, डब्याला भोकं पाडून केलेल्या झाऱ्यांनी. त्या दिवशी नऊ वर्षांची सुधा झारी घेऊन निघाली ती थेट कोबीच्या रोपांतून. पाच रोपं पायाखाली. आदल्या आठवड्यात तिनं असंच वांग्याचं रोप मोडलं होतं. ही सुधा म्हणजे पुंडलिकरावांची सख्खी नात. देवकाबाईला वाटलं, आजोबानं पढवून धाडली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“डोये फुटले का वं तुह्ये? येवढी रोपं दिसत नाई? चाल हो बाहीर! पुन्यांदा माह्या बागेत पाय नोको ठेवजो.”

 सुधानं झारी खाली ठेवली आणि ती उभी राहिली. “ऐकाले येत नाई?” देवकाबाई ओरडली. तेव्हा पोरगी दोन्ही हात पुढे करून, एक एक पाऊल टाकत कुंपणाच्या दिशेनं गेली. तिथं फाटक नव्हतं, बोरीच्या काट्या होत्या. तिचे दोन्ही हात काट्यांत गेले, तरी ती रडली नाही. चाचपत चाचपत फाटक शोधत राहिली.

 देवकाबाई धावली, पोरीचे हात काट्यांतून सोडवले, आणि शेजारच्या झाडाचं जांभळं वांगं तोडून तिच्या नाकासमोर धरलं.

“हे काय हाये, सुधे?”

“काय, आजी?”

“माह्या हातात काय हाये?”

सुधा तिच्या कानाच्या दिशेनं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “दिवसा सांगन.”

देवकाबाईनं तिला छातीशी धरलं आणि तिथंच मातीत बसून ढसढसा रडली. आपण कुणाला काय बोललो! बाजारात शंभर माणसांना तोडून बोलली होती ती, कधी पस्तावली नव्हती. आज तिला आपली जीभ हासडून फेकावीशी वाटली. पोरीला रातांधळं होतं. दिवस मावळला की तिच्यापुढे जग विझून जायचं, आणि घरच्यांनी तिला बजावलं होतं की कुणाला सांगायचं नाही. रातांधळी मुलगी पुढे कोण करून घेईल?

तशीच ती सुधाचा हात धरून पाटलाच्या दारात गेली. पुंडलिकराव ओट्यावर बसले होते. दाराआड सुधाची आई, वच्छलाबाई, उभी होती. देवकाबाईनं आढेवेढे घेतले नाहीत.

“पोरीले दिसत नाई, हे तुमाले ठाव हाये का?”

पुंडलिकरावांचा चेहरा उतरला. “ठाव हाये. वैद्यानं बकऱ्याचं काळीज चारा म्हनलं. माह्या गळ्यात माळ हाये, देवका. माह्या घरात ते येनार नाई.”

“काळीज राहू द्या. पालेभाजी खाते का पोरगी?”

आता मधेच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुंडलिकराव सहा वर्षांपूर्वी काशीला जाऊन आले होते. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यावं, असं शास्त्र आहे. आवडत नाही तेच सोडावं, असा व्यवहार आहे. पुंडलिकरावांना लहानपणापासून पालेभाजीचा तिटकारा. त्यांनी गंगेत उभं राहून पालेभाजी सोडली आणि पुण्य पदरात घेऊन आले. पण घरी सुनांनी विचार केला, मामंजींनी सोडलेली वस्तू त्यांच्या चुलीवर कशी शिजवायची? तेव्हापासून त्या घरात पालकाचं पान आलं नाही, मेथीची काडी आली नाही. सुधाला शाळेतही स्वतःचा वाफा घ्यायची मनाई होती, आणि दुपारी ती जेवायला घरी यायची. अंगणात शेवग्याचं झाड होतं, त्याचा पाला बकऱ्या खात होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

वच्छलाबाईनं दाराआडून खाली मानेनं सांगितलं, “आमच्या घरी पालेभाजी होत नाई, देवकाबाई. मामंजी काशीले गेलते, तवा सोडून आले.”

 देवकाबाई कमरेवर हात ठेवून पुंडलिकरावांसमोर उभी राहिली.

“सोडली तुमी, पाटील. पोरीनं कवा सोडली? ते त काशीले गेलीच नाई!”

गल्लीत पाचसात माणसं जमली होती. कुणीतरी फिस्सकन हसलं. पुंडलिकराव ताडकन उठले. त्यांना राग आला होता, पण रागाखाली नातीची काळजीही होती.

“पाल्यानं डोये येतात? येवढं सोपं असतं त वैद्य कायले पायजे?”

“येतात. माह्या भावाले आलते. सव्वा महिना द्या. दुपारी शाळंत मी खाऊ घालीन, तुमची चूल विटाळनार नाई.”

“अन् नाई आले त?”

“त ठरावाची बी गरज नाई. माह्या हातानं सारे वाफे उपटीन, अन् शाळेचं तोंड पाहनार नाई.”

“आले त बाग राहीन,” पुंडलिकराव म्हणाले. “हा माहा शब्द. संक्रांतीच्या सांजेले, साऱ्या गावापुढं.”

दुसऱ्या दिवशी देवकाबाईनं मुलांना वाफ्यांभोवती बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. आपण सुधाला काय बोललो तेही सांगितलं, आणि सगळ्यांसमोर तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “चुकलं माह्यं.” मोठं माणूस चुकलं म्हणतं, हे मुलांनी पहिल्यांदाच ऐकलं. चाळीस मुलं त्या क्षणी सुधाची झाली. तिसरीतला तानबा उठून म्हणाला, “माह्या वाफ्यातलं गाजर तिले.” मग कुणी पालक, कुणी चाकवत, कुणी सांभार, म्हणजे कोथिंबीर. देवकाबाईनं सगळ्यांना गप्प केलं.

“सारं घेऊ. पन आधी तिचा वाफा तिले पायजे. दुसऱ्याच्या हातचं लेकरू थुकते, आपन पेरलेलं थुकत नाई.”

आणि झालंही तसंच. पहिले आठ दिवस सुधानं पालकाचा प्रत्येक घास तोंडात घोळवून घोळवून बाहेर काढला. सहा वर्षं पान न चाखलेली जीभ, तिला ते कडवट लागायचं. शेवग्याच्या पाल्याला तर तिनं तोंडच मिटलं. पण रोज सकाळी, उन्हात, ती आपल्या वाफ्यात चवळाई आणि पालक राखत होती, आणि विसाव्या दिवशी स्वतःच्या हातानं तिनं चवळाईची पहिली जुडी खुडली. ती भाजी तिनं कुणाला वाटून दिली नाही. भाकरीच्या तुकड्यानं टोपाचा तळ पुसून खाल्ला आणि विचारलं, “उद्या पुन्यांदा खुडू का?” देवकाबाई चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसत होती.

आणि तेव्हाच मावा पडला. पालकाच्या पानांखाली काळेहिरवे किडे, पानं चुरमुडायला लागली. चार दिवसांत निम्मे वाफे जाणार, हे देवकाबाईला कळत होतं. पुंडलिकरावांना बातमी लागली तेव्हा त्यांनी वच्छलाबाईच्या हाती एक डबा धाडला. कापसासाठी वर्ध्याहून आणलेली कीड मारायची पांढरी भुकटी. वाईट हेतू नव्हता त्यात. त्यांना बाग हरलेली पाहायची होती, पण पोरीची भाजी मरावी असं वाटत नव्हतं. माणसाच्या मनाचं असंच असतं.

देवकाबाईनं डबा तसाच परत केला. “पाटलाच्या पऱ्हाटीले ठीक हाये हे. हा पाला लेकराच्या पोटात जानार हाये.” मग तिनं चाळीस मुलांना तीन टोळ्यांत लावलं. एक टोळी पहाटे दव असताना पानांवर चाळलेली राख भुरभुरायची, दुसरी निंबोळ्या कुटून त्यांचं पाणी फडक्यानं गाळायची, तिसरी एकेक पान उलटून बोटांनी मावा चिरडायची. गुरुजीही धोतराचा काचा मारून तिसऱ्या टोळीत बसले. सहा दिवस गणिताचा तास झाला नाही, आणि सहा दिवसांत मुलांनी पानं, रोपं, वाफे इतक्या वेळा मोजले की गणित आपोआपच झालं. सातव्या दिवशी नवी पालवी फुटली, स्वच्छ आणि टवटवीत. शाळेच्या आवारात जो आरडाओरडा झाला तो पार बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठापर्यंत ऐकू गेला.

संक्रांत आली. तिळगूळ वाटून झाला. दिवस मावळताना अख्खं गाव शाळेमागे जमलं. समिती एका बाजूला सतरंजीवर. पुंडलिकरावांनी जाहीर केलं, सुधानं विहिरीपासून फाटकापर्यंत वाफ्यांच्या मधल्या पायवाटांनी यायचं. मधे चार वळणं. एकही रोप पायाखाली आलं नाही, तर दिसतं असं मानायचं. उजेड जाईपर्यंत थांबायचं ठरलं. देवकाबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. पोरीला काय दिसतं नि काय नाही, हे तिनं मुद्दाम विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटली होती.

वाफे काळसर झाले. माणसांचे चेहरे धूसर झाले. पुंडलिकराव म्हणाले, “ये, बाय.”

सुधा निघाली. पहिलं वळण नीट गेलं. दुसरंही गेलं.  तिसऱ्या वळणावर, पालकाच्या वाफ्यापाशी, ती थांबली. नुसतीच उभी. समितीतला एकजण पुटपुटला, “चुकली वाट.” देवकाबाईनं डोळे मिटून घेतले.

सुधा खाली वाकली. वाफ्यात हात घालून तिनं एक पान अलगद उलटं केलं, त्याच्यावरून काहीतरी चिमटीत उचललं आणि वैतागून ओरडली, “देवकाआजी! काल नीट पाह्यलं नाई का कोनी? इथी अळी हाये, हिरवी!”

गुरुजी धावत गेले. हिरव्या पानावरची करंगळीच्या नखाएवढी हिरवी अळी, सांजेच्या अंधुक उजेडात. मोठ्या माणसांना ती हातात घेऊन, डोळ्यांजवळ धरून बघावी लागली. सतरंजीवरचे पाचही जण ती अळी एकमेकांच्या तळहातावर देत बघत राहिले.

मग जो गलका उठला! तानबानं टोपी आभाळात फेकली. चाळीस पोट्टे वाफे सांभाळून, पायवाटांवरच, नाचायला लागले. वच्छलाबाई डोक्यावरचा पदर घसरला तरी सावरायचं विसरली आणि देवकाबाईच्या गळ्यात पडली. बायका लगेच बी मागायला लागल्या, कुणाला चवळाईचं, कुणाला पालकाचं. देवकाबाई हसत होती, रडत होती, आणि त्यातच “पोट्टेहो, वाफ्यात जाऊ नोका, मेले!” असं दरडावतही होती. जिंकली होती ती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि ते तिनं लपवलं नाही.

पुंडलिकराव उठले. गाव शांत झालं. “बाग राहीन,” ते म्हणाले. “अन् विहिरीपलीकडची माह्या वावराची पट्टीही बागेले. पऱ्हाटी हटवतो उद्या.”  मग ते वळले, आणि रोज सांजेला सुधानं धरावं म्हणून करायचे तसा त्यांनी उजवा हात खाली सोडला, एक बोट पुढे करून. “चाल, सुधे. घरी.”

बोट तसंच राहिलं. सुधा केव्हाच फाटकातून बाहेर पडली होती. पोरांच्या घोळक्यात, बोडीच्या वाटेनं, अंधारात, ती सगळ्यांच्या पुढे धावत होती.

“हळू वं!” पुंडलिकराव घाबरून ओरडले. “पडशीन!”

ती पडली नाही.